पिवळी गोळी कोणी खाल्ली

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या दवाखान्यात स्वतःचीच लाज वाटली. बीपीच्या दोन गोळ्यांपैकी कुठली जास्त लागू पडते, हे मी सहा महिने वहीत टिपतेय. खुलताबादकडच्या सखूबाईंना पिवळी, त्यांच्या नवऱ्याला पांढरी. नवऱ्याचं बीपी छान उतरलं, सखूबाईंचं जागचं हललं नाही. पिवळी सगळ्यांचीच बंद करायची, असं परवा ठरवूनही टाकलं होतं.

आज सखूबाईंना सहज विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"हे घेतेत की. माझी बी त्यायलाच देते. दिसभर उन्हात मेंढरामागं असतेत, मी तर घरीच."

म्हणजे पिवळी गोळी सखूबाईंच्या पोटात कधी गेलीच नाही. नवरा मात्र दोन्ही खात होता. चक्कर येते म्हणाला, तेव्हा ऊन लागलं असेल म्हणून मी मोकळी झाले. रानात कुठं पडला असता तर?

दोघांची पानं खोडली. बाकीच्या पानांचं काय?

सखूबाईंना बजावलं, "ही तुमचीच. द्यायची नाही कुणाला."

"व्हय," म्हणाल्या. आणि पिवळी पट्टी पदराला बांधली, नवऱ्याच्या पांढऱ्या पट्टीसोबत, एकाच गाठीत.