बाभळीच्या सालीचा चोथा

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

आज जांभळा रंग पुन्हा उडाला. तो उडायला नको होता.

प्रयोग तसा साधा. बाभळीच्या सालीचा अर्क जांभळ्या द्रावणात टाकायचा. सालीत अँटिऑक्सिडंट असले तर जांभळं पिवळं होतं. दोन वर्षं मी हेच मोजतेय, प्रबंधाचं सगळं गाडं त्यावरच. साल एकदा उकळायची, गाळायची, उरलेला चोथा कचऱ्याच्या डब्यात. त्यात आता काही उरलं नाही, असं मीच ठरवलेलं. का? कुणास ठाऊक.

साल वडूजची आत्या देते. रविवारी तिच्याकडे गेले, तर ती हिरड्यांसाठी तीच साल दुसऱ्यांदा उकळत होती. म्हणाली, "पयल्या पान्यानं मोठी मानसं चूळ भरत्यात. दुसरं कमी तुरट, ते पोरांना." मी हसले. उगाच हसले.

आज सहज म्हणून चोथा परत उकळला. वाटलं, जांभळं तसंच राहील. डोळ्यांदेखत पिवळं! पहिल्याइतकं झटपट नाही, पण झालं. मग तिसऱ्यांदा उकळला तर? नुसता थंड पाण्यात भिजवला तर? अजून काय काय आहे त्या सालीत? सरांना काय सांगायचं हा प्रश्न आहेच, पण आत्ता तो मागे पडलाय.

आत्याला लगेच फोन केला. म्हटलं, अगं, चोथ्यातही दम आहे.

"ते म्हाईतच हाय की," ती म्हणाली. "आनि तू त्यो टाकत हुतीस व्हय? मंग दोन वर्सं मोजलंस तरी काय?"