ठिपके तुमचे, रेघ माझी

देवास,
४ फेब्रुवारी २०२६

ती. कमलवन्सं यांस,
मेधाचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व खुशाल नाही. चिऊचा ताप उतरला, तुमचे बंधुराज प्रणव धडधाकट आहेत. खुशाल नाही ती मी. फोनच करणार होते, पण तात्यांचा नियम आठवला. मागे व्हॉट्सॲपवर आपली जुंपली आणि मध्ये सापडून प्रणवचा भरडा झाला, तेव्हा तात्यामामंजींनी बजावलं होतं की नणंद-भावजयींनी काम फोनवर करावं आणि भांडण कागदावर. म्हणून हा कागद. बसच्या कंडक्टरकडे देते आहे, म्हणजे धारला लवकर पोहोचेल.

काल दीपेश भियाचं स्टेटस पाहिलं. धरमपुरीच्या त्याच्या नव्या गेस्ट हाउसमधली जेवणघराची भिंत, जी आपण दोघींनी रंगवायची होती, ती रंगवून तयार! गेरूवर पांढऱ्या खडीचा सबंध मांडणा, आणि खाली लिहिलेलं की कमलदीदीने कमाल कर दी. माझ्या माहेरच्या लोकांनीसुद्धा त्यावर पसंतीचे अंगठे उमटवले. मी शनिवारी येणार होते, वन्सं. बॅग भरलेली आहे.

आपलं काम चालतं कशावर? ठिपके तुमचे, रेघ माझी. माळव्याच्या मांडण्याची नक्षी आपल्या मराठी ठिपक्यांवर बसवायची, एकीने ठिपके मांडायचे आणि दुसरीने ते जोडायचे. हा नियम माझा नाही. तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होतात की दोन्ही एकीनेच केलं तर ती अंगणातली रांगोळी झाली, भागीदारी नाही. मग ह्या भिंतीवर रेघा कोणी ओढल्या? माझ्या वाट्याचं काम तुम्ही उचललंत आणि मला त्याची खबर स्टेटसने मिळाली. मला फार राग आला आहे, आणि रागापेक्षा जास्त अपमान वाटतो आहे.

सीधी बात सांगते. इंदोरच्या एका खोकी बनवणाऱ्या कंपनीने मला डिझाइनच्या कामाला बोलावलं आहे. सोळा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आपल्या कामात मला जागाच उरली नसेल तर मी होकार कळवून मोकळी होईन.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची पद्धत आहे, म्हणून मागते.
मेधा

धार,
६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मेधा हीस,
कमलचे अनेक आशीर्वाद. रागाच्या भरात आहेत, तरी आशीर्वादच आहेत.

पत्र वाचलं, मग तात्यांना वाचून दाखवलं. ते हसले. त्यांच्यावरही रागावून बसले आहे.

करायला गेले गणपती आणि झालं माकड! पोरीला ताप, तू रात्ररात्र जागी, असं प्रणवने फोनवर सांगितलं. उद्घाटन शिवरात्रीला, म्हणजे पंधरा तारखेला. मी वडीलधारी म्हणून म्हटलं, जाऊ दे, हिच्यावर आणखी ओझं नको. बसचे धक्के खात धरमपुरीला गेले, शिडीवर चढून गुडघे धरले, आणि त्याचं बक्षीस म्हणून तुझं हे पत्र. विचारायला हवं होतं, हे मान्य. पण विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे: तुम्ही म्हणाल तसं, वन्सं.

आणि हेच मला तुला कधीचं सुनावायचं होतं. आता तोंड उघडलंच आहेस तर ऐकून घे. तू आजवर माझ्या एकाही ठिपक्याला नाही म्हटलेलं नाहीस. सोनकच्छच्या त्या धान्याच्या पेढीची पाटी आठव. माझी डावीकडची ओळ उतरली होती. तुला दिसलं होतं. तू गप बसलीस आणि रेघेला पोटात वाक देऊन माझी चूक झाकलीस. लोक वाहवा करून गेले. नंतर तात्यांनी मला ते दाखवलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. बागलीच्या लग्नपत्रिकेतही तेच. मी तुला कामात जोडीदार म्हणून घेतलं होतं, ह्या घरची सून म्हणून नाही. मान द्यायला मला सणवार पुरेत.

भिंतीबद्दलही ऐक. दीपेश नाचतो आहे, पण मी खाली उतरून बघितलं तर मला ती शाळेच्या फाटकासारखी दिसली. सगळं जागच्या जागी आणि जीव कशात नाही. का, ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर सांगायची हिंमत कर. वरचा पक्का थर मी अजून दिलेला नाही, ओल्या फडक्याने सगळं निघेल. एवढं पोटात दुखत असेल तर जा आणि पुसून टाक! आणि इंदोरच्या धमक्या मला देऊ नकोस. खोक्यांवर रेघा मारायच्या असतील तर खुशाल मार.

चिऊला पापा. तुला नाही.
कमल

धरमपुरी,
१० फेब्रुवारी २०२६

ती. कमलवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पुसली.

चिऊला प्रणवच्या हवाली केलं आणि पहाटेच्या बसने इथे आले. बादली मागितली तेव्हा दीपेश भियाला वाटलं की मी फरशी धुणार. भिंतीवरून पहिलं फडकं फिरलं आणि तो ओरडलाच की भाभी, पागल हो गई हो क्या, इतवार को उद्घाटन है. त्याची आई, जानकीबाई, धावत आली आणि म्हणाली की अरे बई, यो कंई करी दियो. मी दोघांना सांगितलं की ही कमलवन्संची आज्ञा आहे, पत्रात लिहून दिलेली. आता फोन आला तर तुमचं तुम्ही निस्तरा.

जीव कशात नाही ते विचारलंत ना? तुम्ही भिंतीचा मध्य मोजून तिथे कमळ बसवलंत. पण भिंतीच्या मध्याकडे बघायला येतो कोण? लोक घाटाकडच्या दारातून आत येतात. दार उघडलं की त्याची फळी तुमच्या मांडण्याचा डावा भाग गिळते. आणि जेवायला बसलेल्या माणसाला कमळाच्या जागी वाढप्याची पाठ दिसते. हे मला दीपेशच्या फोटोतच दिसलं होतं. नकाशा पाठवला होतात तेव्हाही शंका आली होती. बोलले नाही.

का बोलले नाही ते तुम्हाला ठाऊक नसेल, पण मला आहे. लग्नानंतरची पहिली दिवाळी. धारच्या अंगणात तुम्ही ठिपके टाकलेत, मी त्यातला एक ठिपका बोटाने जरा सरकवला. तुम्ही उठलात आणि आत गेलात. सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून मी तुमच्या ठिपक्यांच्या पाया पडत आले आहे, आणि आता तुम्हीच विचारता की नाही का म्हटलं नाहीस? माझी हिंमत तुम्ही त्या अंगणात ठेचलीत आणि आता माझ्याकडेच मागता! मला इतका संताप आला की रडू आलं, आणि जानकीबाईंनी चहा केला.

तर ऐका. सबंध भिंतीवर पुन्हा गेरू दिला आहे. तो वाळल्यावर ठिपके मी टाकले आहेत. कमळ आता खिडकीच्या बाजूला आहे, जेवणाऱ्याच्या डोळ्यासमोर. रेघ मी ओढणार नाही. तुमचाच नियम आहे. मी आज देवासला परत चालले. तुम्ही या आणि रेघ ओढा, नाहीतर शिवरात्रीला लोक नुसते ठिपके बघत जेवतील.

हे पत्र दीपेशचा ड्रायव्हर तरुण धारला आणून देईल.
तुमची, हे तुम्ही ठरवा,
मेधा

धरमपुरी,
१२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मेधा हीस,
आशीर्वाद.

तरुणच्या गाडीतच बसून आले. सबंध रस्ता तुला शिव्या देत होते, त्याने बिचाऱ्याने गाण्याचा आवाज वाढवला. आल्या आल्या बादली मागितली. दीपेशने हात जोडले की दीदी, अब फिर से नहीं. मला तुझे ठिपके पुसून माझे परत टाकायचे होते, तुझ्या नाकावर टिच्चून.

फडकं पिळलं आणि म्हटलं, आधी जेवणाऱ्याच्या जागी बसून बघावं, म्हणजे नावं ठेवायला सोपं जाईल. बसले. जानकीबाईंनी पुढ्यात दाल-बाफले आणून ठेवले. मी जेवले, मग ताक घेतलं, मग आणखी एक बाफला घेतला. भिंतीवरून नजर हलेना. नुसत्या ठिपक्यांची भिंत, पण त्यात माणूस ओढला जात होता. मेधा, मला तुझा फार राग आला. इतकी वर्षं हे सगळं डोळ्यांत घेऊन तू माझ्यासमोर मान खाली घालून बसत होतीस!

त्या दिवाळीचं मला खरंच आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट. तुझ्या मनात ते इतकं रुतलं आणि मला पत्ताही नाही. तात्यांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले की असं झालं होतं, आणि ठिपका तुझाच बरोबर होता. तेव्हा का नाही बोललात म्हणून त्यांच्याशीही भांडले.

रेघ ओढली आहे. काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत. माझ्या हाताला तुझ्या हातासारखा वाक येत नाही, ते तुला दिसेलच. एक जागा मात्र सोडली आहे. पंख्याच्या बटणांपाशी तुझा तिसऱ्या ओळीतला ठिपका चुकला आहे. साफ चुकला आहे. मी तो हलवलेला नाही. हात शिवशिवले, पण हलवला नाही. त्याच्याभोवतीची रेघही उघडीच ठेवली आहे. उद्घाटन तीन दिवसांवर आलं. तू ये, बघ आणि माझ्याशी भांड. तात्यांचा नियम गेला खड्ड्यात, हे भांडण मला कागदावर नको. तरुण खुर्च्या आणायला देवासला निघाला आहे. तो तिथे मुक्काम करून उद्या परत फिरेल, त्याच्या गाडीतून ये. चिऊलाही आण.

लोभ आहे, हे तुला माहीत असावं. राग समोर बसून.
कमल

देवास,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. कमलवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तरुण खुर्च्या चढवतो आहे, तेवढ्यात चार ओळी. ह्या ओळी खुर्च्यांबरोबर पुढे पोहोचतील. खुर्च्यांनी त्याच्या गाडीत जागा उरलेली नाही, म्हणून आम्ही तिघंही मागून बसने येतो आहोत.

इंदोरला नकार कळवला. त्याचं श्रेय घेऊ नका. मला तुमचा भयंकर राग आला आहे, आणि असल्या रागात मला दुसऱ्या कोणाचं काम सुचणार नाही.

आणि तो ठिपका चुकलेला नाही. मी येईपर्यंत फडक्याला हात लावू नका.

मेधा