निळं कूलंट

२ एप्रिल
मंडळाची मीटिंग. यंदाच्या भीमजयंतीचा चित्ररथ आपल्या ट्रकवर! अध्यक्ष प्रणय पुन्हा पुन्हा विचारत होता, गाडी गरम तर होत नाही ना. मी म्हणालो, गाडी आणि मी, दोघंही थंड डोक्याचे. कोणी हसलं नाही. विषय ठरला: ‘शिका’. थर्माकोलचं मोठं पुस्तक होणार.
आईला सांगितलं. गुडघ्यांमुळे तिची मिरवणूक सुटली आहे. यंदा केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून थेट भडकल गेटच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत. म्हणाली, खरंच नेशील का रे साहेबराव, का मागच्यासारखंच व्हईल? मागच्या वर्षी स्कूटर पंक्चर होती. त्यात माझा काय दोष?

५ एप्रिल
संकल्प: रोज सहाला उठून इंजिन चेक करणे.

६ एप्रिल
नऊला उठलो. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी दिसलं. नळाला पाणी नव्हतं, बोअरचं ओतलं. करुणा म्हणाली, या पाण्यानं बादलीला पांढरे थर चढतात. बादली प्लॅस्टिकची, इंजिन लोखंडाचं. बायकोला एवढा साधा फरक कळत नाही.

८ एप्रिल
बोअरचं पाणी बरोबर नाही, हे माझं मीच ठरवलं. दुकानात गेलो. तांबडं, हिरवं, निळं, सगळं कूलंट होतं. गाडीत आधीचं तांबडं आहे. जयंतीची गाडी आणि पोटात तांबडं? निळंच घेतलं. दुकानदार मागून काहीतरी सांगत होता. विचारांचा प्रश्न असला की मी दुकानदाराचं ऐकत नाही. उरलेल्या तांबड्यावर निळं ओतताना ऊर भरून आला.

१० एप्रिल
टाकीत निळं दिसत नाही. तांबडंही नाही. पातळ पिठल्यासारखं काहीतरी दिसतंय. मुरत असेल.
संध्याकाळी टेंपरेचरचा काटा वर गेला. काटा खराब आहे.

११ एप्रिल
गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही एकमेकांत मिसळून गाळ झालाय, पूर्ण सिस्टीम धुवावी लागेल, पण नंबर जयंतीनंतरच. ऐकून बरं वाटलं. म्हणजे घाईचं काम नाही.
प्रणयला सांगावं का? सांगितलं तर गाडी बदलतील. आईनं केबिनसाठी उशी शिवली आहे. नाही सांगितलं.

१३ एप्रिल
थर्माकोलचं पुस्तक चढलं. काय दिसतंय! काट्यावर निळ्या झेंड्याचं स्टिकर लावलं. आता जिवाला शांत वाटतं.

१४ एप्रिल, संध्याकाळ
क्रांती चौक सोडला. गाडी चालते कमी, उभी जास्त. उभ्या गाडीत लिहितोय. आई पांढरी साडी नेसून उशीवर बसली आहे, दिसेल त्याला जय भीम करतेय. आज मला कशाचीच भीती नाही.

गुलमंडी
खालून वाफ. मागची पोरं ओरडली, धुराचा इफेक्ट लई भारी! मी हात केला.

गुलमंडीच
इंजिन बंद. पाणपोईवरून पाणी आणून ओतलं, आत जाईना. हात पोळला. प्रणय माझ्याकडे न बघता दुसरी गाडी शोधायला धावला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मागून कन्नड तालुक्यातल्या कडुबाचा ट्रॅक्टर आला. पुस्तक त्याच्यावर गेलं. आईलाही उचलून तिकडे बसवलं. उशी इथंच राहिली. मिरवणूक बाजूनं निघून गेली आणि मी नुसता बघत बसलो.
करुणा थांबली. सीटखालचा निळ्या कूलंटचा रिकामा डबा काढून मागची बारीक अक्षरं तिनं मोठ्यानं वाचली. दुसऱ्या प्रकारच्या कूलंटमध्ये मिसळू नये. रंगावरून निवडू नये. मग म्हणाली, बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं होतं. तुम्ही डबासुद्धा वाचला नाय.
अक्षर खरंच फार बारीक आहे. पण हे मी तिला म्हणालो नाही.

१५ एप्रिल
ट्रक टोचन करून, दुसऱ्या गाडीनं ओढून आणला. आई भलतीच खुशीत. कडुबानं हाताला धरून पुतळ्यापर्यंत नेलं म्हणे. मी सहज विचारलं, माझी कोणी चौकशी केली का? म्हणाली, केली की. गुलमंडीत रस्ता अडवून हा कोणाचा ट्रक हाय, म्हणून समदे विचारत व्हते. मी म्हणलं, मला नाय बा ठावं.
मग तिनं उशी परत मागितली. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवर लागेल.