चिबडातली हाक

बाई, परवा तुमच्या चिबडात जाऊन आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या जागेला दुसरं नाव माझ्या तोंडात येत नाही. आमच्या बाळापूरकडे चिबड म्हणजे जवळजवळ शिवीच. पाणी साचून राहतं, कपाशी पिवळी पडते, आणि माझे बाबा चर खणून खणून वैतागायचे. तुम्ही मात्र गणपती उठले की आम्हा पोरींना अमरावतीहून एसटीनं धारणीपर्यंत न्यायचात, तिथून जीपमध्ये कोंबायचात, ते डोंगरावरचं असलंच एक चिबड दाखवायला. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. समोर नुसतं ओलं गवत आणि मधूनमधून खुरटे साग. तुम्ही म्हणालात, "वाका." वाकल्यावर दिसायला लागलं. सीतेच्या आसवांची निळी फुलं, गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, आणि त्यांच्या पायाशी दवबिंदूची लालसर रोपटी, पानांवरच्या केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब धरून बसलेली. एका पानावर एक चिलट अजून पाय हलवत होतं. मी काडीनं सोडवायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात. "ते जेवून राहिलं माय. तुह्या ताटातलं कोनी उचललं तं चालन का तुले?"

वर्गात तुमचं मराठी अगदी पुस्तकी. वऱ्हाडी बाहेर पडायची ती चिबडात, नाहीतर बडनेऱ्याला तुमच्या स्वयंपाकघरात. मला आत्ताही ते स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही भाकरी थापताय, पीठ उडतंय, आणि तुम्ही सांगताय की त्या मातीत कस म्हणून नाही, पाणी सगळं धुऊन नेतं, म्हणून ही बुटकी मंडळी किडे धरून पोट भरतात. उन्हाळ्यात तिथलं गवत पेटलंच पाहिजे. नाही पेटलं तर झुडपं माजतात, सावली पडते आणि खालचं सगळं मरतं. खिडकीत स्टीलच्या वाटीत तुम्ही दवबिंदूचं एक रोप ठेवलं होतं. त्याच्यावर दोन-तीन चिलटं चिकटलेली. माझा घास घशाखाली उतरेना. तुम्ही हसून म्हणालात, "पाठ करून बैस." पाठ केल्यावर तर मला जास्तच वाटायला लागलं की ते माझ्याकडे बघतंय. त्याच दिवशी निघताना तुम्ही तुमचं काळ्या दोऱ्यातलं भिंग माझ्या गळ्यात घातलंत. कशासाठी, ते सांगितलं नाहीत.

एवढ्या विज्ञानवाल्या बाई, आणि चिबडातला तुमचा नियम मात्र आजीबाईचा. एका हाकेला ओ द्यायची नाही. दुसरी हाक आली तरच द्यायची. आम्ही तुमच्या मागे खूप हसायचो. मग एकदा आमच्यातली एक पोरगी हाक ऐकून "ओ बाई" म्हणत गर्रकन वळली, पोटरीपर्यंत चिखलात गेली आणि दवबिंदूंचा अख्खा ताटवा तिच्याखाली चिरडला. तुम्ही तिच्यावर इतक्या चिडलात की ती रडायला लागली. "तुम्हीच तर हाक मारली," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "म्या नाई मारली." पलीकडच्या कड्यावर कुणाचाही आवाज आपटतो आणि भलतीकडून परत येतो, हे तुम्ही आम्हाला परतीच्या जीपमध्ये समजावून सांगितलंत. सगळ्यांना पटलं. पण त्या वेळी आमच्यापैकी कोणीच बोलत नव्हतं, बाई, आणि हे तुम्हालाही माहीत होतं. जीपमध्ये तुम्ही सारखा पदर सावरत होतात.

आता मीच अकोल्याला वनस्पतिशास्त्र शिकवते. तुमच्या चिबडात जनावरांसाठी तळं खोदायचं ठरलंय. खोदण्याआधी तिथं राखण्यासारखं काही उरलंय का, हे बघून सांगायला मला बोलावलं. बरोबर एक वनरक्षक होता, पन्नाशीचा, कपाळाला आठ्या घातलेला. जाऊन बघते तर चिबड ओळखू येईना. कित्येक उन्हाळ्यांत आग लागू दिलेली नाही. छातीएवढी झुडपं, कडेनं घाणेरी, खाली गार अंधार. भर दुपारी पाखराचाही आवाज नव्हता. मी वाकून वाकून कंबर मोडून घेतली. गेंद नाही, आसवं नाहीत, दवबिंदू तर नाहीच. वनरक्षक कंटाळून चिबडाच्या कडेच्या बांधावर जाऊन बसला. मी मनात ठरवूनही टाकलं की सांगायचं, खुशाल खोदा. तुमचं काहीच उरलं नाही, असं वाटून मला रडू येत होतं.

तेवढ्यात मागून हाक आली. एकच. माझ्या नावानं नाही. "पोट्टे," अशी, शेवटचा स्वर किंचित लांबवून. मला अशी हाक मारणारं तुमच्यामागे कोणी राहिलेलं नाही. तुमचा नियम मला आठवत होता, अगदी शब्दाशब्दानं आठवत होता, आणि तरी मी म्हणाले, "ओ, बाई." एक पाऊल पुढे टाकलं, ते चिखलात रुतलं आणि मी मटकन खाली बसले. हात टेकला तिथं रानडुकरांनी झुडपं उकरून टाकली होती. टीचभर जागेवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात लालसर, नखाएवढे दवबिंदू उगवले होते. भिंग डोळ्याला लावलं तर एक पान मिटत होतं. जेवत होतं.

परत बांधावर आले तेव्हा वनरक्षकाला सांगितलं की इथं तळं होणार नाही, उलट दर उन्हाळ्यात बेतानं आग लावावी लागेल. तो म्हणाला, "जन्मभर आमी आग इझवत आलो मॅडम, आन् तुमी लावाले सांगून राहिल्या." मग माझ्या चिखलानं भरलेल्या साडीकडे बघत त्यानं विचारलं, "दुसऱ्या बाई कुठी गेल्या?"

"कोण दुसऱ्या?"

"तुमी दोघी बोलून राहिल्या होत्या ना तिथी. म्हनूनच मी मंधात आलो नाई."

मी तर एवढंच बोलले होते, ओ बाई. त्याला आणखी काय ऐकू आलं, ते मी विचारलं नाही. अहवाल लिहून पाठवला आहे. त्यात आग आहे, डुकरं आहेत, दवबिंदू आहेत. हाक नाही. हे पत्र कुठं पाठवायचं, ते मला ठाऊक नाही, म्हणून भिंगाबरोबर ठेवून देते. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. ओ दिल्यावर मी मागे वळून बघितलं नाही. तुम्ही मागे असाल, याची मला भीती वाटली नाही, बाई. नसाल, याची वाटली.