हिरव्या लुगड्याची झोळी

नंदुरबार, ९ डिसेंबर १९६६

आज दवाखान्यात नवा वजनकाटा आला. बाळाला त्याच्या थंड परातीत ठेवताच ते किंचाळलं, आणि मला रनाळ्याची सखूआजी आठवली. अपुऱ्या दिवसांची बाळं का होतात हे शोधत, वजनं घेत मी गावोगाव हिंडायचे तेव्हाची. तिच्या सुनेला झटके येऊन नातू फार लवकर झालेला. मी काट्याला कोरी झोळी अडकवली, तर म्हातारी कडाडली, "नवं कापड नको वं बाई लेकरूले!" आणि अंगावरचं जुनं हिरवं लुगडं फाडून दिलं.

नातू वाचला नाही. झोळी परत करायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुसरास्ना पोरेस्ले व्हई."

किती बाळं झुलली त्या हिरव्या झोळीत!

उद्यापासून ती परातीत अंथरणार. वजन चुकेल म्हणे नर्स. कसं चुकेल? लुगड्याचं वजन मला तोंडपाठ आहे.