पाच पाहुणे जाईपर्यंत

कायिन्दी, ता. २८ मार्च

रा. रा. दुइसेन टायरवाले यांस कुल्पाश म्हातारीचा सलाम वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमची अक्माराल आमच्या तोलेगेनला पसंत आहे आणि तिला तो, तेव्हा ओळख करून घेणं भाग आहे. फोनवर बोलले असते, पण आपल्या दोघांच्या मध्ये माझा नातू उभा असतो आणि माझं प्रत्येक वाक्य साखरेत घोळून तुमच्याकडे पोचवतो. म्हणून हे पत्र. चार यत्ता शिकलेय, अक्षराला हसू नका.

चौदा एप्रिलला मुलीच्या कानांत कर्णफुलं घालून सोयरीक पक्की करायला तुम्ही मला करागंडीला बोलावलंत, आनंद झाला. तोलेगेनला आई नाही, तेव्हा तो मान माझाच. न्यायला तोच येणार. पण काल तो गावात आला तेव्हा गाडीचा आवाज येईना. हिवाळाभर त्याचे बर्फावर पकड धरणारे खिळ्यांचे टायर असे कडकडत येतात की कुत्र्याला टेकडीपलीकडून कळतं. काल कुत्राही फसला. जाऊन बघते तर उन्हाळी टायर. विचारलं तर पोरगा लाजत म्हणाला की होणाऱ्या सासऱ्यांनी नवरोजची भेट म्हणून स्वतःच्या हातांनी नवे बसवून दिलेत.

भाऊ, मार्चमध्ये उन्हाळी टायर म्हणजे पाळण्यातल्या पोराला मिशा. पाच पाहुणे अजून यायचेत. तुमचं बालपण तिकडे दक्षिणेत शिमकेंतला जर्दाळूंखाली गेलं असं ऐकते, म्हणून सांगते. फार पूर्वी एप्रिलच्या मध्याला ऊन बघून पाच जण पाहुणे म्हणून घरून निघाले आणि माळावर बर्फाच्या वादळात पाचही गोठले. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवसांत वादळ येतं, त्यालाच आम्ही पाच पाहुणे म्हणतो. ते येऊन गेल्याशिवाय आमच्याकडे मेंढीची लोकरसुद्धा कातरत नाहीत.

तेव्हा एक तर जुने टायर परत चढवा, नाहीतर तारीख पंचवीसच्या पुढे न्या. आहे त्या गाडीत मी बसणार नाही.

कळावे. लोभ अजून जुळायचाय.
कुल्पाश

करागंडी, ता. २ एप्रिल

आदरणीय कुल्पाश-आपा यांना दुइसेनचे अनेक सलाम वि. वि.

पत्र पावलं. हसावं की रुसावं ते कळेना. बायकोने रुसायचं ठरवलं, म्हणून मीही रुसलोय.

आपा, मी बावीस वर्षं टायर बदलतोय. हवा सात अंशांच्या वर राहू लागली की हिवाळी रबर लोण्यासारखं मऊ पडतं, डांबरावर झिजतं, खिळे गळतात आणि ब्रेक मारला की गाडी थांबायच्या ऐवजी विचार करत बसते. आज इथे चौदा अंश आहे, पोरं आइस्क्रीम खात फिरतायत. सात अंशांचा हा नियम मी दुकानाच्या दारावर पाटी करून लावलाय. त्यात पाहुण्यांची संख्या दिलेली नाही.

पण खरं दुखणं वेगळं आहे. ते टायर मी गिऱ्हाइकाला दिले नव्हते, जावयाला दिले होते. सोळाच्या सोळा नट हाताने आवळले. त्यावर तुम्ही लिहिता की त्या गाडीत बसणार नाही. माझ्या मेहुण्यांनी शिमकेंतहून तिकिटं काढलीत, मेंढा ठरलाय. मेहुण्या विचारतात की आजीला मुलगी नको असेल तर तसं सांगावं, टायर कशाला पुढे करावेत. अक्माराल काहीच बोलत नाही आणि तेच मला जड जातंय. एरवी ती घरात रेडिओसारखी असते.

सरळ लिहितो, राग मानू नये. चौदाला आलात तर आम्ही तुमचे. नाही आलात तर आमची मुलगी तुम्हाला नको असं आम्ही समजू, आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.

आपला, व्याही म्हणायची घाई न करणारा,
दुइसेन

कायिन्दी, ता. ६ एप्रिल

दुइसेन टायरवाले यांस सलाम वि. वि. या खेपेला अर्धाच.

तुमच्या मेहुण्यांना सांगा, मला मुलगी नको असती तर मी टायरांआड लपले नसते. नको ते नको म्हणायला चार यत्ता पुरतात. तोलेगेनने याआधी एक आणली होती. तिच्यापुढे मी चहाचा पेला काठोकाठ भरून ठेवला. काठोकाठ म्हणजे पिऊन निघा, हे ती समजली आणि उठली. तुमच्या अक्मारालला फेब्रुवारीत सहा पेले पाजले, सगळे अर्धे, म्हणजे अजून बस म्हणणारे, आणि दर पेल्याला ती बोलत होती. सातवा मीच दिला नाही, कारण माझे कान दुखायला लागले.

तुमचे सात अंश करागंडीचे. कार्करालीपर्यंत डांबर आहे, कबूल. पण तिथून आमच्यापर्यंतच्या साठ किलोमीटरांत अंश मोजायला कोण बसलंय, लांडगे? काल सकाळी आमच्या अंगणात बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता.

एक सांगते, पुन्हा विचारू नका. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, पंधरा एप्रिलला, नवरा आणि मी ट्रकमधून निघालो. ऊन असं की मी डोक्याचा रुमाल सोडला. दुपारी त्याच साठ किलोमीटरांत वादळाने गाठलं आणि ट्रक घसरून आडवा झाला. दोन दिवस आत बसून होतो. नवऱ्याच्या पायाची दोन बोटं गेली. उरलेल्या आठांवर तो तीस वर्षं लोकांच्या लग्नांत नाचला, तेव्हा रडण्यासारखं त्यात काही नाही. पण ट्रकच्या टपावर वारा कसा वाजतो ते मला माहीत आहे. तुमच्या पाटीला माहीत नाही.

कर्णफुलं माझ्या सासूची आहेत. रुमालात बांधून तयार ठेवलीत. तोलेगेनला मी बजावलंय की सासऱ्याची भेट गाडीवरून उतरवायची नाही, तो अपमान होईल. गावात दुसरी चाकं आहेत ती ट्रॅक्टरची. म्हणजे पोरगा अडकला, मी अडकले आणि मेंढा कापायचा की नाही म्हणून तुम्हीही अडकलात. तुम्ही बावीस वर्षांचे जाणते, तुम्हीच सोडवा.

लोभ असावा. नसला तर निदान मेंढ्याला तरी वेळेवर कळवा.
कुल्पाश

करागंडी, ता. १० एप्रिल

कुल्पाश-आपांना सलाम वि. वि.

घाईत आहे. तोलेगेनची गाडी आहे तशीच राहील. दिलेलं मी परत घेत नाही. पण माझी स्वतःची गाडी माझी आहे, तिच्या पायांत काय घालायचं ते मी ठरवतो. तेराला दुपारी मीच न्यायला येतो. खिळ्यांचे चारही आज परत चढवले.

ते करत होतो तेव्हा दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग होती, सगळे उन्हाळी बसवायला आलेले. एकाने दबक्या आवाजात विचारलं की मालकांना काही बातमी लागलीय का. मी म्हटलं, पाहुणे यायचेत. तिघे रांग सोडून घरी गेले. पाटी मी दोन दिवस उलटी टांगून ठेवलीय.

पेल्यांचं अक्मारालला वाचून दाखवलं. रेडिओ पुन्हा सुरू झालाय, पहाटेपासून.

चहा तयार ठेवा. माझा पेला अर्धाच भरा.
दुइसेन

करागंडी, ता. १९ एप्रिल

सौजन्यमूर्ती विहीणबाई कुल्पाश-आपा यांना व्याही दुइसेनचे अनेक अनेक सलाम वि. वि.

तुमच्या हातून सोयरिकीची म्हणून मेंढ्याची कलेजी आणि शेपटाची चरबी खाल्ली, आता व्याही म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. वर रिवाजाप्रमाणे माझ्या तोंडाला दही फासलंत, तेही रिवाजापेक्षा सढळ हाताने. डाव्या कानात अजून आहे. मेहुण्या शिमकेंतला पोचल्या. निघताना म्हणत होत्या की आजी तिखट आहे, पण मुलीच्या कानाला हात लावताना फुंकर घालून हात गरम करून घेते. त्यांनी ते पाहिलं होतं.

तेरापासून सोळाला तुम्हाला घरी सोडेपर्यंत बर्फाचा कण पडला नाही, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं होतं. काल हिवाळी टायर काढले. अकरा खिळे गळलेत. मी काही म्हणत नाही, फक्त आकडा कळवतो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, तुम्हालाच लिहितो. त्या साठ किलोमीटरांत तुम्ही दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसला होतात. जातानाही आणि येतानाही. मी चाळीसच्या वर गेलो नाही. घरी सगळ्यांनी विचारलं की आजीचा प्रवास कसा झाला. मी सांगितलं की त्या वाटभर झोपल्या होत्या.

लग्न एकवीस जूनला धरलंय. तोलेगेन न्यायला येईल. जूनमध्ये त्याच्या टायरांना तुमची हरकत नसावी ही विनंती.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमचा व्याही, दुइसेन

कायिन्दी, ता. २४ एप्रिल

व्याही दुइसेन यांस विहिणीचा सलाम वि. वि. पूर्ण.

यंदा पाच पाहुणे आलेच नाहीत. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं. त्यावरून तुमची पाटी खरी असं समजू नका. पाहुणे आले नाहीत म्हणून कुणी घरातल्या रजया वाटून टाकत नाही. अकरा खिळ्यांचं वाईट वाटलं. बदल्यात घोड्याच्या मांसाचं सॉसेज पाठवतेय, लांबी मोजून घ्या.

अक्मारालने कर्णफुलांचा फोटो पाठवला. डावं थोडं वाकडं बसलंय. तिला सांगा की मान हलवली नसती तर सरळ बसलं असतं. आणि हात मी फुंकर घालून गरम केले नव्हते, दही पुसत होते. तुमच्या मेहुण्यांना चष्मे घेऊन द्या.

प्रवासाचं तुम्ही घरी सांगितलंत ते बरोबर आहे. मी झोपलेच होते. झोपेत माणूस काय धरून ठेवतो ते त्याला ठाऊक नसतं. तुम्ही साठ किलोमीटर एकच गाणं बेसूर गुणगुणत होतात, तेही मी झोपेतच ऐकलं. वारा त्यामुळे ऐकू आला नाही.

जूनमध्ये कोणतेही टायर घाला, माझी हरकत नाही. फक्त तोलेगेनला पाठवू नका. तो शंभरने हाकतो, आणि शेजारी म्हातारं माणूस झोपलं असेल तर गाडी कशी चालवायची ते त्याला अजून शिकायचंय. तुम्ही या.

कळावे. लोभ मागण्याचे दिवस आता गेले.
तुमची विहीण, कुल्पाश