यंत्राचे बुडबुडे आणि माझे परागकण

ताई,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. जिना चढता येतो का आता? भावोजींचा खोकला काय म्हणतो? इकडे सगळं उत्तम. (पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय. तुझं वय झालं, डोळ्यांना त्रास नको.)

उत्तम म्हणजे घरी. प्रयोगशाळेत महिनाभर महाभारत चाललंय. माझं काम तुला माहीतच आहे. धूळ मोजायला याला पगार देतात, असं माझ्या लग्नात तूच सगळ्यांना सांगत होतीस. धूळ नाही गं, परागकण! गच्चीवर चिकट पट्टी लावायची, दुसऱ्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, कण मोजायचे आणि आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचा. आकडा वाढला की दम्याची माणसं औषध जवळ ठेवतात. एकतीस वर्षं मी हे एकाच जुन्या, एका नळीच्या सूक्ष्मदर्शकातून केलं. उजवा डोळा नळीला, डावा मिटलेला, आणि हातात बटण दाबून आकडा वाढवायचं डबडं. मध्ये दोन नळ्यांचा नवा आला, तो मी कपाटावर चढवून ठेवला. हात बसलेला असला की माणूस कशाला बदलतो?

आणि आता आलं यंत्र. पट्टीचे फोटो काढतं आणि मोजूनही मोकळं होतं. मला अख्खी सकाळ लागते, त्याचं चहा निवायच्या आत उरकतं. शिवाय फोटो जपून ठेवतं, म्हणजे दहा वर्षांनीही कुणी पडताळून पाहील; माझी मोजणी माझ्याबरोबरच निवृत्त व्हायची. हे मला मान्य आहे. (मोठ्याने नाही.) पण अक्कल? पहिल्याच दिवशी त्याने हवेचे बुडबुडे परागकण म्हणून मोजले आणि माझ्या स्वेटरच्या धाग्याला अनोळखी वनस्पती ठरवलं! तो फोटो मी तीन दिवस सगळ्यांना दाखवत हिंडलो. यंत्र सांभाळणारी माझी नवी सहकारी (मी तिला यंत्रमाता म्हणतो, तिला ठाऊक आहे) निमूटपणे त्याला बुडबुडा कसा ओळखायचा ते शिकवत बसली.

मग गवताच्या परागकणांवरून जुंपली. माझे चाळीस, त्याचे एकशे दहा. दुसऱ्या दिवशी माझे पस्तीस, त्याचे दीडशे. मी म्हटलं, बुडबुडे, दुसरं काय! आमचे साहेब म्हणाले, तुमचा अनुभव मोठा, तुमचाच आकडा लिहा. लिहिला. आमच्या फाटकावरच्या पहारेकरीणबाईंना दमा आहे. माझा फळा वाचून त्यांनी औषध घरी ठेवलं आणि दुपारी त्यांना इतकी धाप लागली की दवाखान्यात न्यावं लागलं. मी सगळ्यांना सांगितलं, झाडलोटीची धूळ असेल. पण ताई, त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

आता बाई बऱ्या आहेत, कामावरही आल्यात. यंत्र चांगलं की वाईट, याचा निकाल मात्र लागायचाय. भावोजींना सांग, खोकल्यावर कपाटातलं जुनं औषध घेऊ नका.

तुझा (तुझ्या लेखी अजून बावळट) धाकटा भाऊ

ता.क. निकाल लागलाय. यंत्रमातेने कपाटावरचा दोन नळ्यांचा सूक्ष्मदर्शक उतरवला, गवताची ती पहिल्या दिवशीचीच पट्टी लावली आणि मला समोर बसवलं. आधी उजवा डोळा मिटायला लावला: एकशे अठरा कण. मग डावा मिटायला लावला. जेमतेम चाळीस, बाकी नुसतं धुकं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उजव्यात मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. एरवी डावा सांभाळून घेत होता, म्हणून पत्ताच लागला नाही; बारीक अक्षरं पुसट दिसायची, तो दोष मी छपाईला द्यायचो. आणि मोजायला मी नेमका उजवा ठेवला होता. ती कुणाला काही बोलली नाही. मीच साहेबांना सांगितलं, फळा बदलला, आणि बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, आधी डोळा बघा, मग फळा.

आणखी एक. शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. तीही म्हणे यंत्राच्या मदतीने करतात. त्याला बुडबुडा ओळखता येतो का, असं मी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. लहानपणी माझ्या डोळ्यात काही गेलं की तू फुंकर घालायचीस, आणि तोवर माझा हात सोडायची नाहीस. मला भीती वाटते गं. येशील? गुडघे दुखत असतील तर नको येऊस, मी रागावणार नाही. (रागावेन.)

शेवटचं. अक्षरं तुझ्यासाठी मोठी केलेली नाहीत.